तेवीसपैकी सात येतात, मग स्विच कसा मारू?

पत्र थोडं कापून देतेय: "ताई, मी २६ वर्षांचा, मूळचा तासगावचा, सध्या पुण्यात. तीन वर्षं एका छोट्या कंपनीत आहे, आम्ही बाराजण, काम वेबसाइटींचं, मागची सर्व्हरची बाजू पीएचपी भाषेतल्या लॅरावेलमधे, समोरचं पान जेक्वेरीत, वर्षभरापासून थोडं रिअ‍ॅक्ट. आता स्विच मारायचाय, म्हणजे नोकरी बदलायचीय. परवा फुल-स्टॅक डेव्हलपरची जाहिरात बघितली, त्यात २३ टूल्सची नावं होती, मला त्यातली सात येतात. एक रूममेट म्हणतो ९० हजारांचा मर्न स्टॅकचा (मोंगो, एक्स्प्रेस, रिअ‍ॅक्ट, नोड या चार टूल्सचा) क्लास लाव, सिलॅबसचा फोटो जोडलाय. दुसरा म्हणतो काहीच शिकू नको, एआय सगळं लिहिणारे. गावी वडिलांचं खत-औषधांचं दुकान आहे, आई फोनवर विचारते 'अजून शिकतोच आहेस का रे?' नक्की काय शिकू, यादी द्या. – तेवीसपैकी सात"

अरे सातवाल्या,

आधी त्या जाहिरातीचं बघू. ती २३ नावं कुणा एका माणसाला येत असतील असं खरंच वाटतंय का तुला? मी सतरा वर्षं हेच काम करतेय, तुझं पत्र वाचून मी पण मोजली, धड येतात अशी अकरा निघाली आणि त्यातली दोन आता गंजलीयेत. जाहिरात कशी बनते ते सांगते कारण मी स्वतः बनवलीये. एचआरने यादी मागितली, मी सहा नावं दिली, टीममधल्या दोघांनी आपापली लाडकी घातली, मग एचआरने मागच्या वर्षीची जाहिरात खाली चिकटवली, झाली वीस. त्यात अँग्युलर पण होतं आणि आमच्याकडे अँग्युलरची एक ओळ नव्हती. सात येतायत ना, अर्ज टाकून दे.

आता यादी. यादी मी देणार नाहीये, म्हणजे देणारे, पण तू मागतोयस तशी नाही. आमच्या घरी एप्रिल-मेमधे वर्षाचं धान्य भरायचे, गहू-ज्वारीला ऊन द्यायचं, कडुनिंबाचा पाला घालायचा आणि पिंपात भरून ठेवायचं, तुमच्याकडेही भरत असतील. भाजी मात्र रोज आणायची, मेथी कुणी वर्षाची भरून ठेवत नाही. तुझ्या २३ नावांमधली निम्म्याहून जास्त मेथी आहे. मी या धंद्यात आले तेव्हा जेक्वेरीचं राज्य होतं (२००६ चं ते), मग २०१० मधे गूगलचं अँग्युलरजेएस आलं, आम्ही रात्री जागून शिकलो, त्याचा सपोर्ट २०२१ संपता संपता बंद झाला. रिअ‍ॅक्ट २०१३ चं, पण त्यात मी क्लास कंपोनंट्स (तेव्हाची लिहायची पद्धत) पाठ केले आणि २०१९ मधे हुक्स (नवी पद्धत) आले की परत पहिल्यापासून. या सगळ्या काळात एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) जागेवरून हललं नाही, ते माझ्याहून वयाने मोठं आहे, १९७० च्या दशकात आयबीएममधे जन्मलेलं. एचटीटीपीचं (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात ते) ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', तेव्हाही ४०४ होतं.

तुझ्या रूममेटच्या क्लासचा सिलॅबस झूम करून बघितला. नवव्या आठवड्यात लिहिलंय 'क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप वापरून प्रोजेक्ट सेटअप'. अरे ते रिअ‍ॅक्टच्याच टीमने फेब्रुवारी २०२५ मधे अधिकृतपणे निवृत्त केलंय, नवीन काही सुरू करताना वापरू नका असं सांगून. आता व्हीट वापरतात, व्ह्यू ही दुसरी लायब्ररी बनवणाऱ्या एव्हन यूचंच ते, २०२० चं, एक कमांड आणि काही सेकंदांत पान समोर. बरं खाली बाराव्या आठवड्यात 'लॉगिन टोकन लोकल स्टोरेजमधे ठेवणे', म्हणजे पानावर चुकून कुठली परकी स्क्रिप्ट घुसली तर तिला ते टोकन आयतं वाचता येणार. ते एचटीटीपी-ओन्ली कुकीत ठेवलं की जावास्क्रिप्टला दिसतच नाही. जो माणूस ९० हजार घेतो त्याने दोन वर्षांत एकदा तरी सिलॅबस उघडून बघावा ना. नको लावू तो क्लास.

आता मुद्द्याचं, आणि इथे मी जरा पाल्हाळ लावणारे. दोनेक वर्षांपूर्वी आमच्याकडे एका क्लायंटचं ऑर्डरचं पान उघडायला नऊ सेकंद लागायची. मीटिंग बसली. एकजण म्हणाला नेक्स्टवर (रिअ‍ॅक्टवरच उभं असलेलं फ्रेमवर्क) जाऊया, सर्व्हर साइड रेंडरिंग केलं की पळेल, दुसरा म्हणाला रेडिस टाका, तिसऱ्याने मायक्रोसर्व्हिसचा फळा रंगवला, तीन महिन्यांचं एस्टिमेट निघालं. मला चहा प्यायचा होता म्हणून मी बाहेर आले आणि लॅपटॉपवर क्रोममधे एफ-बारा दाबून नेटवर्क टॅब उघडला. त्यात एका रिक्वेस्टवर माऊस नेला की रंगीत पट्ट्या दिसतात, कनेक्शनला किती, सर्व्हरची वाट बघण्यात किती, डाउनलोडला किती. नऊपैकी साडेआठ सेकंद निव्वळ वाट बघण्यात चालली होती. म्हणजे रिअ‍ॅक्टचा काही संबंधच नव्हता, ते बिचारं हात बांधून उभं. मग लॅरावेलचा क्वेरी लॉग चालू केला, तर एका पानासाठी डेटाबेसला विचारलेल्या २०१ क्वेऱ्या! एक क्वेरी २०० ऑर्डरी आणायला आणि मग प्रत्येक ऑर्डरच्या गिऱ्हाइकाचं नाव विचारायला एकेक फेरी, किराणा आणायला माणूस २०० वेळा बाजारात पाठवावा तसं. याला एन-प्लस-वन म्हणतात, तुझ्याही प्रोजेक्टमधे नक्की कुठेतरी असणार, उद्याच बघ. लॅरावेलमधे 'विथ' लावून गिऱ्हाइकं एका फेरीत आणली, २०१ च्या दोन झाल्या. तरी अडीच सेकंद राहिलीच, मग त्या मुख्य क्वेरीच्या पुढे एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ लावलं तर डेटाबेस तारीख शोधायला अख्खं टेबल वरपासून खालपर्यंत चाळत होता, त्या कॉलमवर इंडेक्सच (पुस्तकामागे असते तशी सूची) नव्हता. एक ओळ. सगळं मिळून अर्धा सेकंद. चहा गार झाला होता तेवढंच.

तर तू जे 'फुल-स्टॅक' म्हणतोस ना, ते हे आहे रे. बटण दाबल्यापासून डेटाबेसच्या टेबलापर्यंत आणि परत, या वाटेवर कुठे काय अडकलंय ते ज्याला शोधता येतं तो. इंटरव्ह्यूमधे मी नेहमी हेच विचारते, पान हळू आहे, पहिल्यांदा कुठे बघशील? निम्मी मुलं लायब्ररीचं नाव सांगतात. नेटवर्क टॅब म्हणणारा क्वचित भेटतो, आणि भेटला की मी खुर्ची पुढे ओढते.

पिंपात भरायचं धान्य म्हणजे मग काय: एसक्यूएल आणि इंडेक्स, एचटीटीपी-कुकी-कॉर्स ही तिकडी (कॉर्स म्हणजे एका साइटच्या पानाने दुसऱ्या सर्व्हरकडून डेटा वाचायचे नियम), नुसती जावास्क्रिप्ट, लिनक्सच्या वीस-पंचवीस कमांडा आणि गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची वही. गिटमधे तुला अ‍ॅड-कमिट-पुश येत असेल, बायसेक्ट शिक. बग कधी शिरला माहीत नाही, मधे हजार कमिट (नोंदवलेले बदल) आहेत, बायसेक्ट दर वेळी निम्मे बाद करत जातं आणि दहाएक फेऱ्यांत नेमक्या कमिटवर आणून सोडतं. डेटाबेस पोस्टग्रेस घे. मर्नमधला एम म्हणजे मोंगो वाईट नाही, पण आपल्याकडची बहुतेक कामं बिलं-पावत्या-खाती अशीच असतात, एकमेकांत गुंतलेली टेबलं, आणि कधी ढिसाळ आकाराचा डेटा ठेवायचाच झाला तर पोस्टग्रेसमधे २०१४ पासून जेसनबी आहे. पीएचपीची लाज वाटून घेऊ नकोस हे वेगळं सांगते कारण पत्राच्या मी कापलेल्या भागात तू 'फक्त लॅरावेल' असं लिहिलंयस. विकिपीडिया पीएचपीवर चालतो.

भाजी थोडीच आण पण ताजी. टाईपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टच, पण कुठे आकडा आणि कुठे मजकूर ते आधीच तपासणारी) लगेच सुरू कर, हे खरं तर आता भाजीतून धान्यात गेलंय, मायक्रोसॉफ्टने २०१२ मधे काढलं तेव्हा आम्ही नाकं मुरडली होती आणि कोड ठेवायच्या गिटहब साइटच्या २०२५ च्या अहवालात ते वापरात पहिल्या नंबरवर आहे. जेक्वेरीवाल्याला पहिला महिना लाल रेघा बघून रडू येतं, येऊ दे. रिअ‍ॅक्ट तुला थोडं येतंच, ते पक्कं कर. नेक्स्ट इंटरव्ह्यूपुरतं समजून घे, पण त्यात सर्व्हर आणि ब्राउझरची सरमिसळ होते हे डोक्यात ठेव. डिसेंबर २०२५ मधे रिअ‍ॅक्टच्या सर्व्हर कंपोनंट्समधे असं भोक सापडलं की लॉगिन न करता बाहेरचा माणूस तुमच्या सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता, लोकांनी रात्री उठून अपडेट मारले. डॉकर (कुठल्याही मशीनवर सारखं चालेल असं डब्यात बंद करणारं), स्वतःचं अ‍ॅप आणि डेटाबेस एका कंपोज फाइलने उठवता येईल एवढं. कुबरनेटिस (असे ढीगभर डबे सांभाळणारं) सोड, बाराजणांच्या कंपनीत ते म्हणजे स्कूटर ठेवायला एअरपोर्ट. टेस्टसाठी प्लेराइट (ब्राउझर आपोआप चालवून बघणारं), आणि त्यात सुरुवातीला एकच टेस्ट: लॉगिन करून एक ऑर्डर टाकता येते का. ही एक टेस्ट शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करणाऱ्यांचं बीपी वाचवते.

आणि एनपीएमवर (जावास्क्रिप्टच्या तयार लायब्ररींचं कोठार) डोळे मिटून इन्स्टॉल करायची सवय असेल तर मोड. २०१६ मधे एका माणसाने चिडून आपली ११ ओळींची लेफ्ट-पॅड नावाची लायब्ररी काढून घेतली तर जगभर बिल्ड पडले, तो किस्सा आता सगळे हसत सांगतात. सप्टेंबर २०२५ चा किस्सा हसण्यासारखा नाही, लायब्ररी सांभाळणाऱ्या एका मेंटेनरला खोट्या मेलने फसवून चॉक, डीबग असल्या रोजच्या पॅकेजमधे क्रिप्टोचे पैसे वळवणारा कोड घातला गेला. लॉकफाइल (कुठल्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती ते लिहिलेली) कमिट कर, सर्व्हरवर तीच आवृत्ती बसवणारी एनपीएम सीआय चालव, आणि दहा ओळी स्वतः लिहिता येत असतील तर लिही.

आता एआय. तुझा दुसरा रूममेट अर्धा बरोबर आहे. मी रोज वापरते, कोपायलट आधी, आता क्लॉड कोड, कर्सर पण बघितलं, आणि फॉर्म, टेस्ट, कंटाळवाणं स्थलांतर ही कामं ते माझ्याहून बरी करतं हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. पण एक गोष्ट ऐक. गेल्या वर्षी एका पतसंस्थेचं काम होतं, त्यांना रक्कम मराठीत हवी होती, मी एआयला सांगितलं, त्याने ब्राउझरचंच नंबर फॉरमॅटिंग वापरलं, भाषा मराठी-भारत, आणि काय सुंदर आलं, १२,३४,५६७, लाख-कोटीचे स्वल्पविराम जागच्या जागी, अंक देवनागरी. क्लायंट खूश, आम्ही खूश. चौथ्या दिवशी एका पानावर बेरीज 'नॅन' दिसायला लागली, नॅन म्हणजे 'हा आकडाच नाही'. काय झालं होतं, तर दुसऱ्या फाइलमधे एआयनेच स्क्रीनवरची रक्कम परत वाचून बेरीज केली होती, आणि जावास्क्रिप्टच्या पार्सफ्लोटला देवनागरी '१२' हा आकडा वाटतच नाही. दोन्ही तुकडे वेगवेगळे बघितले तर बिनचूक. माझी चूक अशी की मी दुसरी फाइल वाचलीच नव्हती, नुसतं अ‍ॅक्सेप्ट दाबलं होतं, आणि दुरुस्तीला शनिवार गेला.

मेटर नावाच्या संस्थेने २०२५ मधे एक प्रयोग केला होता, १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, स्वतःच्याच ओळखीच्या कोडवर, काही कामं एआय घेऊन आणि काही न घेता. एआयसकट त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि गंमत म्हणजे संपल्यावर ते सांगत होते की आमचा २० टक्के वेळ वाचला. माणसं सोळाच आणि टूल्स त्या वेळची, आताची बरीच पुढे गेलीत, म्हणून मी वापरणं सोडलं नाही. फक्त 'काय पटकन झालं' असं मनात आलं की मी घड्याळ बघते. तुझ्यासाठी नियम एकच, जो डिफ (कोडमधला बदल) तुला ओळीओळीने वहिनीला चहा करता करता समजावून सांगता येणार नाही तो मर्ज करू नकोस. वहिनी नसेल तर रूममेटला.

आता ते ९० हजार जिथे लावायचे नाहीत ते सांगून झालं, वेळ कुठे लावायचा ते सांगते, आणि हे तुझ्या पत्रातल्या एका ओळीवरून सुचलंय. वडिलांचं खत-औषधांचं दुकान. तासगावला म्हणजे द्राक्षवाले गिऱ्हाईक, हंगामात माल उधारीवर, द्राक्षाचे पैसे आले की वसुली, आणि सगळं एका लाल वहीत, बरोबर ना? त्या वहीचं अ‍ॅप बनव. टू-डू लिस्ट नको, नेटफ्लिक्सची नक्कल तर अजिबात नको, दर दुसऱ्या रेझ्युमेमधे असते, मला बघूनच जांभई येते.

वरून साधं वाटेल, नाव, रक्कम, जमा, बाकी. पण सुरू कर आणि बघ काय काय लागतं ते. पैसे दशांशात ठेवलेस की जावास्क्रिप्टमधे ०.१ अधिक ०.२ करून बघ, ०.३०००००००००००००००४ येतं, म्हणून सगळं रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवायचं आणि दाखवताना शंभराने भागायचं. दुकानात नेट रडतखडत असणार, वडील 'जमा' दाबतील, काही होत नाही म्हणून परत दाबतील, पाच हजाराचे दहा हजार जमा! मग प्रत्येक नोंदीला फोनवरच एक वेगळा क्रमांक दे आणि डेटाबेसमधे त्यावर युनिक लाव, दुसऱ्यांदा आली की सर्व्हर म्हणेल ही आहे माझ्याकडे. हे दुकानात जाऊन करायची गरज नाही, त्याच नेटवर्क टॅबमधे स्पीड ३-जीवर टाक आणि हडपसरमधे बसून तासगावच्या हालअपेष्टा भोग. नोंद कधी खोडू देऊ नकोस, चुकली तर उलटी नोंद टाकायची, वडील वहीत तेच करत असतील, विचार.

आणि मग नावं. इथे मजा आहे. 'कुऱ्हाडे' टाइप कर. त्यातला ऱ एका कीबोर्डवरून एकच अक्षर म्हणून येतो, दुसऱ्यावरून र आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे, तिसऱ्यावर तो अर्धा र करायला मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घुसवतात. डोळ्याला तिन्ही सारखे, पण कॉम्प्युटरला तीन वेगळी माणसं, वडील शोधतील आणि म्हणतील कुऱ्हाडेंचं खातं कुठं गेलं? पहिले दोन नॉर्मलाइझ केलं (एकाच रूपात आणलं) की एक होतात, तिसऱ्याचं ते र, हलन्त आणि अदृश्य चिन्ह स्वतः शोधून त्याजागी ऱ आणि हलन्त घालावं लागतं. नाव दहा अक्षरांवर कापायला जाशील तर 'नमस्ते' ची लांबी सहा येते, कारण हलन्त आणि मात्रा वेगळी मोजली जाते, कापताना जोडाक्षर मधेच तुटतं, त्याला जावास्क्रिप्टमधलंच इंटल सेगमेंटर आहे. आणि लाइन-हाइट इंग्रजीवाली ठेवलीस तर वेलांट्या वरच्या वर छाटल्या जातात, हे तर मी पुण्यातल्या भल्याभल्या साइटींवर बघते आणि दात-ओठ खाते. हे सगळं मर्नच्या सिलॅबसमधे नाहीये आणि इंटरव्ह्यूमधे तू यातलं एक जरी सांगितलंस ना, समोरचा पेन खाली ठेवेल.

बनवायचं कशात? लॅरावेल, पोस्टग्रेस, पुढे रिअ‍ॅक्ट आणि टाईपस्क्रिप्ट, व्हीटवर. महिना पाचशेक रुपयांचा छोटा सर्व्हर घे, एनजिनएक्स (वेब सर्व्हर) स्वतः बसव, साइट सुरक्षित https वर चालावी म्हणून लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट लाव, ते ९० दिवसांचं असतं म्हणून आपोआप नवीन होईल असंच सेट कर नाहीतर ९१ व्या दिवशी वडिलांचा फोन. रोज रात्री डेटाबेसचा बॅकअप, आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप खरंच परत उभा राहतो का ते बघ, न तपासलेला बॅकअप मी एकदा उघडला होता, शून्य केबीची फाइल निघाली होती सहा महिन्यांची, त्यावर पुन्हा कधीतरी. शनिवार-रविवार धरले तर तीन-चार महिने लागतील. पहिला महिना रिअ‍ॅक्टला हातच लावू नकोस, नुसती टेबलं आणि साधी पानं.

अर्ज मात्र आत्तापासून टाक, अ‍ॅप होईपर्यंत थांबू नकोस, आणि रेझ्युमेमधे 'ऑनलाइन खातेवही, एक दुकान रोज वापरतं' ही ओळ खरी झाली की त्या दिवशी घाल. आईला सांग हो, शिकतोच आहे, पण या वेळी दुकानाचं.

एक काम माझंपण कर. वहीच्या एका पानाचा फोटो पाठव, नावं झाकून. मला बघायचंय की वडील अर्ध्या पोत्याचा हिशोब कसा लिहितात, कारण तुझा पहिला बग तिथेच निघणारे असा माझा अंदाज आहे.

– ताई